बरानगरचं तिकीट, १९५८

निघण्यापूर्वी खिसे तपासा. मोबाइल घरीच राहू द्या. तिथे तो चालणार नाही, आणि कुणाच्या नजरेस पडला तर खुलासे करता करता दिवस जाईल. नाणी मात्र दोन्ही प्रकारची घ्या, आणेही आणि नये पैसेही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पण जुनी अजून चालतात. चहावाल्याशी वाद होणार हे धरूनच चाला, कारण दोन आण्यांचे साडेबारा नये पैसे होतात आणि अर्ध्या नया पैशाचं नाणंच नाही. कुणी 'कुठले तुम्ही?' असं विचारलं तर 'मुंबई राज्याचे' म्हणा. महाराष्ट्र नावाचं राज्य व्हायला अजून दीड वर्ष आहे.

तारीख आहे ऑक्टोबर १९५८ ची. पत्ता २०३, बराकपूर ट्रंक रोड, बरानगर, कलकत्त्याच्या उत्तरेला. तिथल्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये देशाच्या पंचवार्षिक योजनेचं गणित मांडलं जातं, गिरण्या-कारखान्यांतला माल कसा तपासायचा हे शिकवलं जातं, देशातला पहिला डिजिटल संगणक तिथेच चालतो, आणि आनुवंशिकीतलं जगप्रसिद्ध नाव कुडता-पायजमा घालून त्याच आवारात फिरतं. आजच्या विद्यापीठात या चार विषयांच्या चार इमारती असतील आणि एकीतल्या माणसाला दुसरीतल्याचं नावही ठाऊक नसेल. १९५८ च्या बरानगरात ही सगळी मंडळी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर बसतात.

बोरीबंदरहून नागपूरमार्गे जाणारी मेल पकडा. नागपूरला गाडी थांबली की डब्यातून उतरून अडतीस वर्षं मागे जायचं आहे, चुकवू नका. साल १९२०. शहरात सायन्स काँग्रेस भरली आहे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा प्रशांतचंद्र महालनोबिस नावाचा सत्ताविशीच्या आतला तरुण तिथे आला आहे. केंब्रिजहून परतताना 'बायोमेट्रिका' या नियतकालिकाचे अंक त्याने बोटीवर वाचून काढले आणि तेव्हापासून आकड्यांनी त्याला झपाटलं आहे. इथे त्याची गाठ पडते नेल्सन अ‍ॅनानडेल यांच्याशी. ते भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे प्रमुख. कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापं त्यांनी गोळा केली आहेत आणि त्यातून काय निष्पन्न होतं ते काढून देणारं कुणी त्यांना हवं आहे.

या भेटीतून १९२२ चा पहिला लेख निघाला आणि १९३६ मध्ये 'महालनोबिस अंतर' म्हणून ओळखलं जाणारं सूत्र पक्कं झालं. त्यातली मेख साधी आहे. दोन वस्त्यांतल्या माणसांची उंची मोजली आणि हाताची लांबीही मोजली. उंच माणसाचे हात लांब असतातच. तेव्हा दोन्ही फरकांची सरळ बेरीज केली तर एकच फरक दोनदा मोजल्यासारखं होतं. हे सूत्र मापांचं आपसातलं नातं आधी हिशेबात घेतं आणि मग दोन गट एकमेकांपासून किती दूर आहेत ते सांगतं. माणसांची डोकी-नाकं मोजायचा तो साहेबी नाद आज वाचताना अंगावर येतो. सूत्र मात्र त्यातून सुटलं. आज ते प्रचंड आकडेवारीतली विजोड नोंद हुडकायला वापरतात, मग ती नोंद कारखान्यातल्या बिघडत चाललेल्या यंत्राची असो की रुग्णाच्या तपासणीची.

गाडीने शिट्टी दिली. परत चढा.

हावड्याला उतरून पूल ओलांडा, श्यामबाजारच्या पाच रस्त्यांवरून उत्तरेला जाणारी बस धरा. रस्त्याच्या कडेला कारखान्यांची धुराडी, मधेच एखादं तळं, पूजेसाठी बांबू ठोकायला सुरुवात झालेली. संस्थेच्या फाटकाशी दरवान अडवेल. 'प्रोफेसरांकडे काम आहे' एवढं सांगितलंत की पुरे. इथे प्रोफेसर पुष्कळ असले तरी 'प्रोफेसर' एकटेच, महालनोबिस.

पण लगेच त्यांच्याकडे जाऊ नका. आधी जिथून आवाज येतोय त्या लांबलचक खोलीत शिरा. डाव्या हाताला हाताने फिरवायची गणनयंत्रं मांडून ओळीने लोक बसलेत. त्यातल्या एकाच्या मागे उभे राहा. तो भागाकार करतोय. भागाकार म्हणजे इथे पुन्हा पुन्हा वजाबाकी. मूठ उलटी फिरवायची, एकदा, दोनदा, तीनदा, आणि घंटी वाजली की समजायचं, एक फेरा जास्त झाला. मग एक फेरा सुलटा, गाडी एक घर सरकवायची, पुन्हा उलटे फेरे. दिवसभर हेच. खोलीत कुठे ना कुठे घंटी वाजतच असते आणि मान वर करून कुणी बघत नाही.

उजव्या हाताला पंचकार्डांचं काम चाललंय. राष्ट्रीय नमुना पाहणीचे कागद खेड्यापाड्यांतून इथे येतात: घरात माणसं किती, महिन्याचं धान्य किती, तेल-मीठ-रॉकेलवर खर्च किती. एक जण कागद बघून कार्डावर भोकं पाडतो. मग तेच कार्ड आणि तोच कागद दुसऱ्याकडे जातो आणि तो पहिल्याचं काही न विचारता सगळं नव्याने टंकतो. यंत्र दोन्ही ताडून बघतं. एका घरात जरी फरक पडला तरी यंत्र अडतं. "दादा, हात लावू नका," पलीकडचा बाबू तुम्हाला बजावतो, "हे एकदा झालेलं आहे, दोनदा व्हायचं आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा. या संस्थेत जे काही टिकाऊ झालं त्याच्या मुळाशी मला हीच सवय दिसते.

महालनोबिसांनी ती शेतात नेली, १९३७ पासून, बंगालच्या तागाच्या पाहणीत. तागाखाली जमीन किती हे सरकारला दरवर्षी हवं असे. प्रत्येक शेत बघायचं तर माणसांची फौज लागायची. महालनोबिस म्हणाले, शेतं थोडीच घ्या, पण नकाशावरून चिठ्ठ्या टाकून निवडा. आणि एकाच टापूत दोन स्वतंत्र पथकं पाठवा. या पथकाला त्या पथकाचे आकडे कळू द्यायचे नाहीत. दोघांचे आकडे जवळ आले तर विश्वास ठेवा. फार लांब गेले तर पुन्हा शेतात जा. आपण किती चुकतोय हे पाहणीनेच सांगायचं, ही यातली खरी नवलाई. १९४१ मध्ये बंगालभर नमुना पाहणीही झाली आणि एकूण एक शेताची मोजणीही. व्यापाराच्या आकड्यांशी पडताळल्यावर नमुना पाहणीचा अंदाज अगदी जवळ निघाला. दहापट खर्चाची संपूर्ण मोजणी मात्र सुमारे एक षष्ठांशाने कमी भरली. फौज मोठी झाली की तिच्यावर देखरेख राहत नाही आणि कंटाळलेला प्रगणक झाडाखाली बसून आकडे भरतो, हे कुठल्याही निवृत्त तलाठ्याला विचारा.

इथे एका मराठी माणसाने प्रोफेसरांशी उभा दावा मांडला होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी. दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीकउताऱ्याच्या पाहण्या उभ्या केल्या. महालनोबिस शेतात छोटासा गोल आखून त्यातलं पीक कापायचे आणि त्यावरून उतारा काढायचे. सुखात्म्यांचं म्हणणं होतं, गोल लहान असला की कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, हा प्रश्न वारंवार येतो. माणसाचा हात ते रोप आत ओढतो आणि उतारा फुगतो. मोठा चौकोन घ्या, आणि मोजायला गावातलेच महसूल कर्मचारी घ्या. महालनोबिसांना पगारी, शिकवून तयार केलेली माणसं हवी होती. भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि कडू झालं. कडेच्या रोपाबद्दल सुखात्मे बरोबर होते असं मला वाटतं, आणि त्यातही गंमत अशी की त्यांचं हत्यार महालनोबिसांचंच होतं: दुसऱ्याने पुन्हा मोजायचं. १९५८ मध्ये ते बरानगरात भेटणार नाहीत. ते रोमला आहेत, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत.

आता थंडगार खोलीकडे चला. आख्ख्या संस्थेत एवढा गारवा दुसरीकडे नाही, आणि तो माणसांसाठी नाहीच. काचेच्या नळ्यांनी भरलेल्या कपाटांचं नाव एचईसी-२एम. ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीकडून १९५५ मध्ये ते पेट्यांतून आलं आणि १९५६ मध्ये सुरू झालं. देशात असं यंत्र तोवर नव्हतं. त्याआधी १९५३ मध्ये समरेंद्रकुमार मित्रांनी इथेच एक अ‍ॅनालॉग यंत्र जुळवलं होतं, दहा अज्ञातांची दहा समीकरणं सोडवणारं. नव्या यंत्राची स्मृती एका फिरत्या चुंबकीय ड्रमवर आहे, १०२४ शब्दांची. तुम्ही घरी ठेवून आलेल्या मोबाइलमधल्या एका फोटोला याच्या शेकडोपट जागा लागते.

ड्रमवरच्या यंत्रांची डोकेदुखी कागदावर आज्ञा लिहिणाऱ्याला विचारा. भाषा वगैरे काही नाही, थेट यंत्राचे आकडे लिहायचे. एक आज्ञा वाचून ती पार पडेपर्यंत ड्रम पुढे सरकलेला असतो. पुढची आज्ञा तेवढ्यात निघून गेली तर अख्खा फेरा वाट पाहायची. म्हणून मुरलेला माणूस आज्ञा लागोपाठच्या घरांत ठेवत नाही. पहिलीचं काम संपायला आणि दुसरी समोर यायला एकच गाठ पडेल, अशा बेताने त्या ड्रमवर पेरतो. यंत्राचा खोळंबा कमी करण्याची ही आखणी आणि कारखान्यात मालाचा खोळंबा कमी करण्याची आखणी, गणित एकाच जातीचं. ते गणित करणारी माणसंही इथे जवळजवळ तीच आहेत. रशियाहून 'उराल' नावाचं आणखी मोठं धूड यायचं आहे, त्याच्या गप्पा कँटीनमध्ये ऐका.

कँटीनमध्ये मासा-भात घ्या आणि जेवता जेवता एक फेरी गिरणगावची मारून या. संस्थेची गुणवत्ता नियंत्रणाची शाखा १९५३ पासून मुंबईत आहे. त्याआधी, १९४७-४८ मध्ये, या विद्येचे जनक वॉल्टर श्यूहार्ट अमेरिकेहून महालनोबिसांच्या बोलावण्यावरून येऊन गेले. परळच्या कुठल्याही गिरणीच्या त्रासनखात्यात शिरा. कानात कापसाचे बोळे घाला, कापूस तिथे हवेतच आहे. तपासनीस बॉबिनवरून १२० वारांची लडी गुंडाळून घेतो, काट्यावर तोलतो, वजन लिहितो. अशा काही लड्यांची सरासरी तक्त्यावर एक ठिपका. तक्त्यावर मधे एक रेघ, वर-खाली दोन. ठिपके दोन रेघांच्या आत नाचत असतील तर यंत्राला हात लावायचा नाही. बाहेर गेला तर थांबवा आणि कारण शोधा.

ऐकायला सोपं. पण जॉबरचं आयुष्य याच्या उलट गेलेलं असतं. लडी जड आली की तो चाक इकडे फिरवतो, हलकी आली की तिकडे. राबतो बिचारा, आणि त्याच्या त्या फिरवाफिरवीनेच सूत आणखी जाड-बारीक होतं. कधी गप्प बसायचं हे शिकवणारा तो कागद होता. गिरणीत तो मुरायला वेळ लागला, कारण साहेबाला हात बांधून उभा असलेला जॉबर बघवत नाही. व्यवस्थापन नावाचा विषय आपल्याकडे रुळण्याआधीची ही गोष्ट. बराकपूर ट्रंक रोडवरच, एमराल्ड बॉवर नावाच्या वास्तूत, कलकत्त्याची व्यवस्थापन संस्था सुरू होईल नोव्हेंबर १९६१ मध्ये.

कँटीनच्या टेबलावर परत या. चारच वर्षांपूर्वी इथे गेनिची तागुची नावाचे जपानी पाहुणे येऊन राहिले होते. प्रयोगात सात गोष्टी बदलायच्या आणि प्रत्येकीच्या दोन पातळ्या असल्या, तर सगळ्या जोड्या करून बघायला १२८ प्रयोग लागतात. पातळ्यांची मांडणी विशिष्ट तक्त्याने केली तर आठ प्रयोगांत प्रत्येक गोष्टीचा मुख्य परिणाम वेगळा काढता येतो. तशा तक्त्यांचं गणित सी. आर. राव यांनी १९४७ मध्ये मांडलं होतं, आणि रावसाहेब इथेच, वरच्या मजल्यावर शिकवतात म्हणा ना. तागुचींनी पुढे ते तक्ते जपानच्या कारखान्यांत नेले. नंतर आपल्या कारखान्यांनी ते 'जपानी पद्धत' म्हणून फी भरून शिकून घेतले.

दुपारी योजनेच्या खोल्या बघून घ्या. १९५४ च्या ३ नोव्हेंबरला नेहरूंनी इथे नियोजनाच्या अभ्यासाचं उद्घाटन केलं आणि मग जगभरचे अर्थशास्त्रज्ञ आले: नॉर्वेचे फ्रिश, हॉलंडचे टिनबर्गेन, पोलंडचे लांगे. १७ मार्च १९५५ ला महालनोबिसांनी दुसऱ्या योजनेचा आराखडा दिला. त्यामागचा लेख संस्थेच्या 'संख्या' या नियतकालिकात आला, आणि भारतातल्या नियोजनाकडे 'ऑपरेशनल रिसर्च'च्या नजरेतून बघा, असं त्याचं शीर्षकच सांगत होतं. ही विद्या महायुद्धातली. जहाजांचे तांडे लहान ठेवावेत की मोठे, असले प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञांनी आकड्यांनी सोडवले होते. आता तांड्याच्या जागी देश होता. पाच वर्षांत ५६०० कोटी रुपये गुंतवायचे, वर्षाला पाच टक्के उत्पन्नवाढ, एक कोटी दहा लाख नवे रोजगार, आणि गुंतवणुकीचा तिसरा हिस्सा यंत्रं बनवणाऱ्या उद्योगांत. चार विभाग, मोजकी समीकरणं. कागदावर देखणं दिसतं.

या कागदाशी दोन मराठी धागे जोडलेले आहेत. संस्थेचे अध्यक्ष १९४५ पासून चिंतामणराव देशमुख. योजना आखली जात असताना देशाचे अर्थमंत्रीही तेच. मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी १९५६ मध्ये मंत्रिपद सोडलं ते तुम्हाला सांगायला नको. दुसरा धागा विरोधाचा. मुंबई विद्यापीठातल्या सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्ये पुस्तकच लिहिलं: पोलादाआधी कामगाराच्या पोटाचं बघा, धान्य आणि कापड कमी पडलं तर कारखान्यात राबणार कोण? त्याआधी बी. आर. शेणॉय यांनी अधिकृत समितीतच भिन्नमतपत्रिका जोडली होती.

खोलीतल्या कुणाला तरी १९५७ विषयी विचारून बघा. चेहरा पडेल. यंत्रांच्या आयातीने परकीय चलनाची गंगाजळी आटली. समीकरणांमध्ये परदेशी व्यापाराला जागाच नव्हती. महालनोबिसांना हे कळत नव्हतं असं म्हणणं पोरकटपणा होईल. पण तागाच्या शेतात त्यांनी जी काळजी घेतली ती इथे घेणं शक्य नव्हतं. देश एकच. त्यावर दोन पथकं पाठवून दोन योजना शेजारी शेजारी राबवता येत नाहीत आणि ताडूनही बघता येत नाहीत. वकील-ब्रह्मानंदांचं पुस्तक हेच काय ते दुसरं पथक होतं, आणि त्या पथकाचे आकडे दिल्लीने फारसे मनावर घेतले नाहीत.

रात्री तिथेच मुक्काम करा. डास भरपूर, मच्छरदाणी मागून घ्या. पहाटे उठायचं आहे, कारण सकाळी उशीर केलात तर बघायची गोष्ट झाडाखाली सुकलेली असेल.

पारिजातक. बंगालीत शिउली. उजाडतंय आणि झाडाखाली सडा पडलाय. एक तरुण संशोधक उकिडवा बसून एकेक फूल उचलतो, पाकळ्या मोजतो, वहीत रेघ ओढतो. हे पाच पाकळ्यांचं, हे सहाचं, हे सात. सुबोधकुमार रॉय त्यांचं नाव. हे काम त्यांना दिलंय त्या माणसाने, जो आज पासष्टीत आहे, टकलू, जाड मिशांचा, धिप्पाड: जे. बी. एस. हाल्डेन. डार्विनचा सिद्धान्त आणि मेंडेलचे नियम यांची गणिती गाठ घालणाऱ्या जगातल्या तिघांपैकी एक. लंडनची प्राध्यापकी सोडून, सुएझच्या लष्करी कारवाईचा निषेध करत, १९५७ च्या जुलैत ते पत्नी हेलन स्परवे यांच्यासह इथे आले. 'जर्नल ऑफ जेनेटिक्स'ही बरोबर घेऊन आले. मांसाहार सोडला, मोजे सोडले.

पाकळ्या कशाला मोजायच्या? एका झाडावरच्या सगळ्या फुलांत जनुकं तीच. माती, पाणी, हवा तीच. तरीही एका फुलाला सहा पाकळ्या आणि शेजारच्याला सात. म्हणजे हा फरक जनुकांचा नव्हे, घडणीतला. झाडाला स्वतःची फुलं किती काटेकोर घडवता येतात, हे त्या वहीतल्या रेघांवरून कळतं. खर्च किती? एक वही, एक पेन्सिल, लवकर उठण्याची तयारी. हाल्डेन यांचं म्हणणंच होतं की गरीब देशाने महागड्या उपकरणांची वाट बघत बसू नये, दारातल्या झाडाने सुरुवात करावी. संस्थेतल्याच एकाने नारळाची झाडं डाव्या वळणाची किती आणि उजव्या वळणाची किती हे मोजायला घेतलं. सुरेश जयकरांनी टिटवीच्या घरट्यांवर नजर ठेवली, आणि पुढे हाल्डेन यांच्या जोडीने १९६३ मध्ये नैसर्गिक निवडीवर लिहिलेला त्यांचा लेख आजही वाचला जातो. कृष्ण द्रोणमराजू यांनी पुरुषांच्या कानांवरचे केस बापाकडून मुलाकडे कसे जातात याच्या वंशावळी जमवल्या. ते केस वाय गुणसूत्रावरून येतात हा निष्कर्ष पुस्तकांत गेला, आणि बऱ्याच वर्षांनी डीएनए तपासल्यावर बाद झाला. दुसरी मोजणी उशिरा आली, एवढंच.

परतीची गाडी आहे, पण वाट थोडी वाकडी करून पुण्याला उतरायचं. साल १९४४. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी, गोव्यातल्या कोसबेचा जन्म, धर्मानंदांचे चिरंजीव. पुराण्या चांदीच्या नाण्यांची झीज काट्यावर तोलून त्यांचं वय ठरवणारा हा विक्षिप्त माणूस. त्या साली लंडनच्या 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये त्यांचा एक छोटा लेख आला, तीन-चार पानांचा.

प्रश्न असा. गुणसूत्रावर जनुकं ओळीने बसलेली असतात. पुढच्या पिढीत जाताना गुणसूत्रांची अदलाबदल होते आणि दोन जनुकं कधी कधी एकमेकांपासून तुटतात. जितकी लांब तितकी जास्त वेळा तुटणार. पण मधे दोनदा अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्र येतात आणि मोजणाऱ्याला काहीच झालं नाही असं वाटतं. मग खरं अंतर काढायचं कसं? हाल्डेन यांनी १९१९ मध्ये सूत्र दिलं होतं, प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र असं धरून. प्रत्यक्षात एके ठिकाणी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी व्हायला अडथळा येतो. कोसंबींनी तो अडथळा जवळ जास्त आणि लांब गेल्यावर कमी, असा हिशेबात घेतला. शंभरात वीस वेळा तुटणारी जनुकं हाल्डेन यांच्या सूत्राने साडेपंचवीस सेंटिमॉर्गन अंतरावर येतात, कोसंबींच्या सूत्राने एकवीसच्या थोडं पुढे. संगणक नाही, अनुदान नाही, प्रयोगशाळा नाही. दुसऱ्याची मोजणी पुन्हा एकदा करून बघितली, इतकंच. आज भात, गहू, ज्वारी, कुठल्याही पिकाचा जनुकीय नकाशा काढणाऱ्या संगणकप्रणालीत 'हाल्डेन की कोसंबी' असा पर्याय समोर येतो. तो निवडणाऱ्या कितीतरी जणांना हे कोसंबी आणि प्राचीन भारताच्या इतिहासावर लिहिणारे कोसंबी एकच, हे माहीत नसतं.

१९५८ मध्ये हाल्डेन बरानगरात आहेत आणि कोसंबी डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई करत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जातात. १९६१ मध्ये हाल्डेन यांचे महालनोबिसांशी खटके उडाले आणि त्यांनी संस्था सोडली. भुवनेश्वरला नवी प्रयोगशाळा मांडली आणि १ डिसेंबर १९६४ ला तिथेच वारले. टाटा संस्थेने १९६२ नंतर कोसंबींना ठेवलं नाही. अख्खी संस्था एका माणसाच्या जिवावर उभी राहिली की तिथे त्या माणसाचं काम दुसऱ्यांदा मोजणारा उरत नाही. बरानगरची ही उणीव होती असं माझं मत.

महालनोबिसांचा जन्म २९ जून १८९३ चा. २००७ पासून ती तारीख देशभर सांख्यिकी दिन म्हणून पाळली जाते. कोसंबी पुण्यात वारले तीही तारीख २९ जूनच, साल १९६६. पुढच्या सांख्यिकी दिनाला सरकारी कचेऱ्यांत महालनोबिसांच्या तसबिरीला हार पडेलच. पुण्यातल्या एखाद्या गणिताच्या किंवा वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाने त्या दिवशी वर्गात कोसंबींची ती तीन-चार पानं वाचायला घ्यावीत, आणि मुलांकडून दोन्ही सूत्रांनी अंतर काढून घ्यावं.